कोळशाच्या खाणीवरील माती आणि गावचे पाणी

वर्धा नदीचे खोरे हे जसे कापसाचे, तसेच दगडी कोळशाचेही आगर आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी, वणी या परिसरात वर काळी कसदार जमीन व खाली कोळशाचे थर अशी दुहेरी संपत्ती एकाच ठिकाणी आढळते. कोळसा एकदाच निघतो; जमीन मात्र पिढ्यान्‌पिढ्या पीक देते. उघड्या खाणीचे काम आटोपल्यावर ही जमीन पुन्हा हिरवी होणार की ओसाड राहणार, हा शेजारच्या प्रत्येक गावाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर खाणीचे काम सुरू होते त्याच दिवशी ठरू लागते.

वरची माती वेगळी का ठेवावी?

जमिनीचा वरचा सुमारे ३० सेंटिमीटरांचा थर हाच पिकाचा खरा आधार होय. कुजलेला पालापाचोळा, उपयुक्त जिवाणू, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी व गवताचे बी यांचा साठा याच थरात असतो. त्याखाली मुरूम, वालुकाश्म व पाटीसारखा ठिसूळ दगड लागतो. कोळशावरील या भरावास खाणीतील लोक ‘ओबी’ म्हणतात. त्यात सेंद्रिय द्रव्य व नत्र अत्यल्प असते. माती व ओबी एकदा मिसळली, की कितीही खर्च केला तरी ती पुन्हा वेगळी होत नाहीत. म्हणून वरची माती प्रथम सोलून स्वतंत्र साठविणे हा सर्व पुढील कामाचा पाया आहे.

एक हेक्टर क्षेत्रावरील ३० सेंटिमीटर माती म्हणजे ३,००० घनमीटर होते. ती ३ मीटर उंचीच्या ढिगात ठेवावयाची तर निदान १० गुंठे जागा लागते. कडांच्या उतारामुळे प्रत्यक्षात त्याहून अधिकच. ही जागा आधीच राखून ठेवली नाही, तर माती ओबीच्या ढिगाऱ्याखाली गाडली जाते.

माती साठविण्याची रीत

काळी माती ओली असताना हलवू नये. ओल्या मातीवरून जड वाहने गेल्यास तिची घडण मोडते व ती दगडासारखी घट्ट बसते. हे काम कोरड्या हंगामात करावे. ढीग बुटका व पसरट असावा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि तेथील जिवाणू मरू लागतात. ढिगावर ताग, धैंचा किंवा स्टायलो यांसारखी द्विदल पिके पेरावीत. त्यामुळे धूप थांबते व नत्रही मिळते. तरीही साठा वर्षानुवर्षे पडून राहिल्यास मातीतील जीवन क्षीण होते. एका बाजूस खणती चालू असता दुसऱ्या बाजूच्या भरलेल्या खड्ड्यावर ताजी माती लगेच पसरणे, हीच सर्वोत्तम पद्धत होय.

माती पसरण्यापूर्वी भरावाचा उतार सौम्य करावा व घट्ट झालेला पृष्ठभाग खोल नांगराने मोकळा करावा. नंतर समपातळीवर बांध घालून गवत, करंज, कडुनिंब, शिसू, बाभूळ यांची लागवड करावी.

जेथे वरची माती पूर्वीच गमावली आहे, तेथेही उपाय आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चंद्रपूरजवळील पद्मापूर येथील ढिगाऱ्यावर सेंद्रिय गाळ, जिवाणुखते व मुळांवरील उपयुक्त बुरशी यांच्या साहाय्याने झाडे वाढविली. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र जे मातीत आयते होते, ते सर्व येथे बाहेरून आणावे लागले, हे ध्यानात घ्यावे.

पाणी कसे बिघडते?

उघड्या ढिगाऱ्यावरील पाणी दोन प्रकारे बिघडते. पहिला प्रकार गाळाचा. पावसाच्या माऱ्याने ओघळी पडून बारीक माती नाल्यात उतरते. कोळसा खाणीतून नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंतच तरंगता गाळ चालतो. या मर्यादेतही एक लाख लिटर पाण्यातून १० किलो गाळ जातो. मग मर्यादा ओलांडल्यास बंधारा किती लवकर भरेल, याची कल्पना करावी. यासाठी ढिगाऱ्याच्या पायथ्याशी दगडी भिंत, सभोवती चर व चराच्या शेवटी गाळ बसण्याचे तळे असावे. हे तळे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी उपसलेच पाहिजे.

दुसरा प्रकार आम्लतेचा. काही थरांत पायराइट नावाचे लोह व गंधकयुक्त खनिज असते. हवा व पाणी लागताच त्यापासून गंधकाम्ल तयार होते व ते खडकातील लोह, मँगनीज विरघळविते. नाल्याच्या तळाशी तांबूस-पिवळा साका बसू लागला, तर तो याचाच इशारा समजावा. असा दगड प्रथमच ओळखून खड्ड्यात खोल पुरावा व वर चिकणमाती दाबून बसवावी. आम्ल पाण्यास चुन्याची मात्रा द्यावी. वर जिवंत माती व गवताचे आच्छादन असल्यास आत मुरणारे पाणी व वाहणारा गाळ ही दोन्ही कमी होतात. मातीची राखण हीच पाण्याची राखण ठरते ती अशी.

गावाने काय करावे?

खाणीतून बाहेर सोडण्याच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ चालतो. ओलितासाठी मात्र तो ६ ते ८.५ असावा. तेव्हा नाल्यात सोडण्याजोगे पाणी ओलितासही योग्य असेलच असे नाही. खड्ड्यात साठलेले पाणी पिकास देण्यापूर्वी त्याचा सामू व क्षार अवश्य तपासून घ्यावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खाण सुरू होण्यापूर्वीच निवडक विहिरींच्या पाण्याची पातळी व सामू, तसेच शेतांच्या माती परीक्षणाचे निष्कर्ष एका वहीत नोंदवावेत. पुढे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तीच तपासणी करावी. खाणीच्या उपशाने भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाऊ शकते. पूर्वीची नोंद नसेल, तर शेतकऱ्याच्या तक्रारीस आधार राहत नाही.

कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक कोळसा खाणीस ती बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो व त्यासाठी निधी राखून ठेवावा लागतो. आपल्या शिवारातील माती कोठे साठविली आहे, ती केव्हा व कोठे पसरली जाणार आहे, हे ग्रामसभेने विचारून घ्यावे. बियाण्याची कोठी जशी घरधनी स्वतः डोळ्यांत तेल घालून राखतो, तशीच या ढिगाची राखण गावाने करावी.