शुश्रूषा करणाऱ्यांचे स्वास्थ्य

एखाद्या प्रदेशाचे आरोग्य मोजताना आपण इस्पितळे, खाटा, डॉक्टर आणि मृत्युदर यांचे आकडे मांडतो. ज्या हातांवर हे आरोग्य प्रत्यक्षात उभे असते त्या हातांची प्रकृती मात्र कोणत्याही कोष्टकात आढळत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख २२ हजारांची वस्ती, आठ तालुके, धानाची शेती, मामा तलाव आणि जंगल. गोंदिया शहरात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील आडवळणाच्या गावी आजाऱ्याच्या दाराशी प्रथम पोहोचते ती आशा, अंगणवाडी सेविका अथवा उपकेंद्रातील परिचारिका.

माणसाच्या प्रत्येक वयाची गरज निराळी असते. नवजात बालकाला ऊब, वजन आणि जंतुसंसर्ग यांवर लक्ष ठेवणारी नजर हवी असते. ही नजर गावातील साध्या स्त्रीलाही देता येते, हे शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवून दिले. ३९ गावांतील त्यांच्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. तो अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला आणि पुढे हेच काम देशभरच्या आशांकडे आले. बालक मोठे झाले की अंगणवाडीचा आहार व वजनकाटा येतो. किशोरवयात, विशेषतः या भागात, सिकलसेलच्या वेदना कित्येक मुलांची शाळा बुडवितात. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली; परंतु औषध रोज घेतले जाते की नाही, हे पाहायला अखेर कोणीतरी घरापर्यंत जावेच लागते. रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात वाकून राहणाऱ्या स्त्रीची कंबर, पोरे पोटापाण्यासाठी परगावी गेल्यावर रित्या झालेल्या घरातील वृद्धाचे एकटेपण, या त्याच साखळीच्या पुढच्या कड्या होत.

शरीराइतकीच मनाचीही ही कथा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून दूर होते. खेड्यात मनाचे दुखणे दवाखान्यात जात नाही. ते ओसरीवर बसून कोणाजवळ तरी बोलले जाते. ऐकणारी व्यक्ती बहुधा हीच असते.

आता तिच्याकडे वळू. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असावी, ती गावातीलच विवाहित, विधवा अथवा परित्यक्ता आणि शक्यतो २५ ते ४५ वयाची असावी, असे ठरले. याचा अर्थ असा की, जिने गावची बाळे, रुग्ण आणि वृद्ध सांभाळायचे तिच्या स्वतःच्या घरीही बाळ, रुग्ण आणि वृद्ध असण्याचेच हे वय. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात; पुरुष देतात ९७ मिनिटे. तिचा सेवेचा दिवस असा दोनदा भरतो, आणि मोबदला मात्र त्याच्या एका भागाचाच मिळतो.

तोही कसा, हे पाहण्यासारखे आहे. योजनेच्या परिभाषेत ती ‘स्वयंसेविका’. म्हणून मोबदला कामाच्या नगाप्रमाणे. नवजात बालकाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी दिल्यास २५० रुपये, तिशीवरील व्यक्तीचा तपासणी-अर्ज भरल्यास १० रुपये, असे दर ठरविण्यात आले. पुढे केंद्राने व राज्याने दरमहा काही निश्चित रक्कम जोडली, तरी मूळ रचना नगाचीच राहिली. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, ज्याचा दर ठरतो ते काम होते आणि ज्याचा दर नसतो ते मागे पडते. बायको गेलेल्या म्हाताऱ्याजवळ अर्धा तास बसण्याचा दर कोणत्या तक्त्यात आहे? ते काम जिथे होते तिथे केवळ तिच्या माणुसकीवर होते, आणि माणुसकी ही अक्षय ठेव आहे असे गृहीत धरूनच आपण योजना आखतो.

विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात दाखविले की, यंत्राने कारखान्यातील उत्पादन वाढते, पण काही सेवांना लागणारा वेळ घटविता येत नाही. गिरणीत तासाला अधिक धान भरडता येते. रडणाऱ्या मातेला अर्ध्या वेळात धीर देता येत नाही. तशी घाई लादली तर दोघींचीही प्रकृती बिघडते. अशा कामातून येणारा थकवा आळशीपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्यवसायजन्य अवस्था म्हणून नोंद केली आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, पैशाने सेवाभाव नष्ट होतो. शिक्षकांना वेतनश्रेणी मिळाली म्हणून अध्यापन हीन झाले, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो ते योग्यच. पण प्रत्येक सेविकेने झिजून जावे अशी अपेक्षा हा त्या बलिदानाचा आदर नव्हे. ‘मानधन’ या शब्दात मान आधी आणि धन नंतर येते. व्यवहारात मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या गौरवाने मान मिळाला, आणि धनासाठी २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना व अंगणवाडी सेविकांना संप करावा लागला.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. परंतु अनुभवी सेविकेने काम सोडले की तिचे प्रशिक्षण, तिला ठाऊक असलेली घरे आणि तिच्यावरचा विश्वास हे सारे भांडवल एका दिवसात बुडते. हे नुकसान अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

मार्ग अज्ञात नाहीत. योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावे, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. याच दिशेने निश्चित वेतन, पगारी रजा, रजेच्या काळात बदली सेविका, वर्षातून एकदा तिची स्वतःची पूर्ण तपासणी, आणि तालुक्याच्या मासिक बैठकीत अहवालांच्या जोडीला तिचे मन मोकळे करण्यास समुपदेशकाजवळ एक तास, एवढे तरी व्हावे. त्यातील शेवटच्या दोन गोष्टींना मोठ्या खर्चाचीही गरज नाही. जिल्हा पातळीवर इच्छा असली तरी पुरे.

आणि काही भाग आपल्याकडे येतो. पुढच्या वेळी ती दाराशी येईल तेव्हा आपल्या घराची माहिती देण्यापूर्वी तिला बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि तिची प्रकृती विचारावी. तो प्रश्न तिला फार थोडे लोक विचारतात.