विमान एका गावी, वैमानिकाचे घर दुसऱ्या गावी

मुक्कामी एस. टी. आपल्या साऱ्यांच्या परिचयाची. रात्री गाडी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच पाठ टेकतात आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत निघतात. गाडीचा डेपो ठरलेला, त्यामुळे माणसाच्या घराची वाटही ठरलेली. पण वाचकहो, अशी कल्पना करा की एखाद्या गाडीला डेपोच नाही. आज ती नागपुरात थांबली, उद्या पणजीत, परवा आणखी कुठे. तिच्या ड्रायव्हरने सकाळी घरून निघून कामावर जायचे तरी कुठे?

अमेरिकेतल्या खासगी जेट विमानांच्या वैमानिकांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. तो त्यांनी कसा सोडवला, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण घर आणि कामाची जागा यांच्यामधला प्रवास कोणाच्या खात्यावर धरायचा, हा प्रश्न काही फक्त वैमानिकांचा नाही.

सामाईक विहीर आणि सामाईक विमान

अमेरिकेच्या ओहायो राज्यात कोलंबस नावाचे शहर आहे. तिथे १९६४ साली भाड्याने विमाने देणारी एक कंपनी निघाली. पुढे १९८४ साली रिचर्ड सॅन्टुली या गणित शिकलेल्या गृहस्थांनी ती विकत घेतली आणि १९८६ साली एक नवी युक्ती काढली. अख्खे विमान विकत घेणे भल्याभल्या धनिकांनाही जड जाते. घेतले तरी वर्षातले बरेच दिवस ते उभेच राहते. मग एका विमानाचे हिस्से करून विकले तर?

आपल्याकडे चार भावांत एक विहीर असते आणि ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे पाण्याची पाळी लागते, तसाच हा प्रकार. ज्याने विमानाचा सोळावा हिस्सा घेतला, त्याला वर्षाला ५० तासांचे उड्डाण मिळते. हीच कंपनी आज नेटजेट्स या नावाने ओळखली जाते. १९९८ साली वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने ती विकत घेतली.

मात्र विहीर जागची हलत नाही, विमान हलते. हिस्सेदाराने बोलावले की ताफ्यातले जे योग्य विमान जवळ आणि मोकळे असेल ते पाठवतात. त्याला उतरवले की तिथूनच पुढच्या गिऱ्हाइकाकडे. दिवसातला शेवटचा प्रवासी जिथे उतरेल, तिथे विमानाचा मुक्काम. रिकामे विमान रोज मूळ जागी परत न्यायचे तर इंधनाचा खर्च कोण सोसणार? म्हणून विमानाला माणसाकडे आणण्याऐवजी माणसालाच विमानाकडे नेतात.

कामाची सुरुवात प्रवासी म्हणून

अशा कंपन्यांत सात दिवस काम आणि सात दिवस घर, ही पाळी चांगलीच रूढ आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या विमानतळांच्या यादीतून वैमानिक आपल्या सोयीचा एक विमानतळ निवडतो. घरापासून त्या विमानतळापर्यंत पोचणे ही त्याची जबाबदारी. तिथून पुढची काळजी कंपनीची. विमान त्या दिवशी जिथे असेल, तिथपर्यंतचे प्रवासी विमानाचे तिकीट कंपनी काढून देते. सात दिवस संपले की परतीचे तिकीटही कंपनीचेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका वैमानिकाचे घर आयडाहो या बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यात, बॉइझी शहराजवळ आहे. त्याला निरोप येतो की तुझे विमान न्यू यॉर्कजवळच्या टेटरबरोला आहे. टेटरबरो हा मुख्यतः खासगी विमानांचा तळ. तिथे नेहमीची प्रवासी विमाने उतरत नाहीत. तेव्हा आपला वैमानिक भल्या पहाटे उठतो, बॉइझीहून प्रवासी विमान पकडतो, वाटेत शिकागो किंवा डेन्व्हरला विमान बदलतो, नेवार्कला उतरतो आणि तिथून मोटारीने टेटरबरो गाठतो. मुलूख इतका मोठा की पूर्व किनाऱ्यावरचे घड्याळ त्याच्या गावच्या घड्याळापेक्षा दोन तास पुढे असते. इतका प्रवास झाला तरी विमानाच्या चाकाने अजून जमीन सोडलेली नाही!

सामान भरताना पुढच्या सात दिवसांचा ठावठिकाणा ठाऊक नसतो. उद्या मिनेसोटाच्या बर्फात उतरावे लागेल की फ्लोरिडाच्या उन्हात, हे कोणी सांगावे? म्हणून एकाच बॅगेत लोकरीचे कपडेही असतात आणि सुती सदरेही. रोजचा मुक्काम हॉटेलात, जिथे विमान थांबेल त्या गावी.

घड्याळ सुरू कधी होते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हा पहाटेपासूनचा प्रवास म्हणजे काम की विश्रांती? वैमानिक खुर्चीत बसून आला, वाटेत डुलकीही काढली, मग ती विश्रांतीच झाली, असे कोणी म्हणू शकेल.

अमेरिकेचा भाडोत्री खासगी विमानांसाठीचा नियम तसे म्हणू देत नाही. नियम सांगतो की कंपनीने वैमानिकाला कामाच्या विमानतळावर नेण्यासाठी सांगितलेला आणि पुरवलेला दूरचा प्रवास विश्रांतीत धरता येणार नाही. नेहमीच्या पाळीत चोवीस तासांत सलग १० तासांची विश्रांती मिळायला हवी आणि दोन वैमानिक असले तरी प्रत्यक्ष उड्डाण १० तासांच्या आत हवे.

ढोबळ हिशेब मांडून पाहा. चोवीसातून दहा गेले, उरले चौदा. वैमानिक पहाटे पाचला कंपनीच्या तिकिटावर निघाला, तर संध्याकाळी सातपर्यंत त्याची पाळी आटोपली पाहिजे. त्यातले सात तास विमानापर्यंत पोचण्यातच गेले, तर कामाला उरले सात. हिस्सेदार कितीही मोठा धनी असो, त्या दिवशी त्या वैमानिकाकडून त्याहून जास्त घेता येत नाही. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत कंपनीच्या हुकमावरून केलेला असा प्रवास कामाच्या वेळेत धरतात.

जिथे हिशेब धरला जात नाही

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. नेहमीच्या प्रवासी विमानांच्या वैमानिकांचा कामाचा तळ ठरलेला असतो. पण अमेरिकेत त्यांतल्या पुष्कळांचे घर तळापासून शेकडो मैल दूर असते. कोणाला तळाच्या शहरातले घरभाडे परवडत नाही, कोणाच्या बायकोची नोकरी दुसऱ्या गावी असते, तर कोणाला म्हाताऱ्या आईवडिलांना सोडवत नाही. घर ते तळ हा त्यांचा खासगी मामला समजला जातो. ते रिकामी जागा मिळेल त्या विमानाने येतात, कधी कॉकपिटमधल्या जादा बैठकीवर बसून. मुक्कामासाठी चौघेपाचजण किंवा आणखी जास्त मिळून एखादी खोली भाड्याने घेतात. न्यू यॉर्कमधल्या क्यू गार्डन्स या वस्तीत अशी बिऱ्हाडे इतकी झाली की लोक गमतीने तिला ‘क्रू गार्डन्स’ म्हणू लागले.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअर कंपनीचे नेवार्कहून बफेलोला जाणारे प्रवासी विमान उतरण्याआधी एका घरावर कोसळले. विमानातली ४९ माणसे आणि घरातला एकजण, असे पन्नास जीव गेले. विमानाचा वेग फार घटला होता. इशारा मिळताच नाक खाली करून वेग वाढवायला हवा होता. कॅप्टनने उलट दांडा मागे ओढला.

चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. सहवैमानिक तरुणीचे घर पश्चिम किनाऱ्यावर सिएटलकडे. ती आदल्या रात्री तिथून निघाली आणि मेंफिसमार्गे रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करत सकाळी नेवार्कला पोचली. कॅप्टनचे घर फ्लोरिडात. त्याने आदली रात्र नेवार्क विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. थकव्याचा दोघांच्या कामावर परिणाम झाला असावा, मात्र किती, हे ठामपणे सांगता येत नाही, असे चौकशी मंडळाने नमूद केले. कागदोपत्री मात्र दोघांची विश्रांती पुरेशी दिसत होती.

या अपघातानंतर २०१० साली अमेरिकेत कायदा झाला आणि जानेवारी २०१४ पासून प्रवासी विमानांसाठी नवे नियम लागू झाले. पाळीआधी १० तास विश्रांती, त्यात ८ तास अखंड झोपेची संधी, आणि ‘मी कामाला तंदुरुस्त आहे’ अशी वैमानिकाची ग्वाही. तरीही घर ते तळ या प्रवासाचा भार वैमानिकाच्याच शिरावर राहिला.

आठवडा तिकडे, आठवडा इकडे

खासगी जेटच्या वैमानिकाला मोठ्या शहरात राहण्याची सक्ती नसते, ही त्याच्या कुटुंबाला लाभलेली मोठी सवलत. सासर-माहेरच्या गावी राहावे, मुलांची शाळा बदलू नये, हे त्याला जमते. चौदांपैकी सात दिवस घरी, म्हणजे मुलांचे बाप सलग आठवडाभर दिसतात. पण उरलेले सात दिवस घरची सारी जबाबदारी एकटीवर असते. मुलाला ताप आला, सणाचा दिवस आला, तरी माणूस कुठल्याशा हॉटेलात. फौजी आणि खलाशी यांच्या घरच्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्यापुरता धडा

वाचकहो, जेट विमान आपल्या बांधावर उतरणार नाही. पण दूरच्या राज्यातून हार्वेस्टर येतो, त्याचा ड्रायव्हर दोन रात्री रस्त्यावर काढून आलेला असतो आणि आपल्याला वाटते, आला की लगेच कापणीला लागावा. मुंबईहून रात्रभर उभ्याने आलेला पोरगा सकाळी ट्रॅक्टरवर बसतो. ऊसाची भरलेली ट्रॉली ओढणारा कालपासून जागाच असतो. ‘गाडीत झोप झालीच असेल की’ असे आपण सहज म्हणून जातो.

स्टिअरिंग हाती देण्याआधी एवढेच विचारावे : घरून केव्हा निघालास? शेवटचा आडवा कधी झालास? उत्तर समाधानाचे नसेल, तर चार घास खाऊ घालून त्याला सावलीला झोपू द्यावे. पीक चार-सहा तास थांबू शकते.