एकाच दिवशी म्हातारे झालेले सर्व्हर

एका जुन्या ग्रंथसंग्रहातील स्कॅन केलेल्या पानांची साठवण मी सांभाळतो. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे आले ते वाचून आणि चुकून आले. त्यांतल्याच एका चुकीविषयी हे लिहितो आहे.

साठवणीला दोन सर्व्हर होते, दोन्हींवर तीच पाने. एक बंद पडला की दुसऱ्याने लगेच काम हाती घ्यायचे. अशा जोडणीला हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर म्हणतात. तिच्यामागचे गणित सोपे दिसते. एक सर्व्हर वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात पाच धरली, तर दोन्ही बिघडण्याची दहा हजारांत पंचवीस. पण हा गुणाकार बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. आमचे दोन्ही सर्व्हर एकाच दिवशी आले आणि एकाच तासाला चालू झाले.

याचे टोक नोव्हेंबर 2019 मध्ये दिसले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने जाहीर केले, की तिच्या काही एसएसडी एकूण 32,768 तास चालल्या की कायमच्या बंद पडतील आणि त्यांवरचा मजकूरही परत मिळणार नाही. दोष आतल्या फर्मवेअरमध्ये होता. 32,768 तास म्हणजे 3 वर्षे, 270 दिवस, 8 तास. एकत्र चालू केलेल्या जोडीत मूळ आणि प्रत एकाच तासाला जाणार!

फिरत्या हार्ड डिस्क इतक्या वक्तशीर नसतात. पण बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी 2007 मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वयाबरोबर डिस्क बदलण्याचे प्रमाण सतत वाढताना दिसले. शिवाय हे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नव्हते.

मी हे वाचले, पण नंतर. आधी केले ते असे: एक जुना सर्व्हर काढला, त्याच्या डिस्क त्याच संध्याकाळी पुसून भंगारात दिल्या, आणि त्या जागी नवा बसवला. नवा आता उरलेल्या एकट्या म्हाताऱ्याकडून सगळी पाने मागू लागला. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेले कोपरेही त्याला वाचावे लागले. दुसऱ्या रात्री त्याची एक डिस्क गेली. त्यात 4 टेराबाइटच्या आठ डिस्क रेड-5 पद्धतीने जोडलेल्या होत्या. गेलेली डिस्क पुन्हा उभी करायला उरलेल्या सातही, म्हणजे 28 टेराबाइट, बिनचूक वाचाव्या लागतात. साध्या डिस्कचे उत्पादक मात्र साधारण 12.5 टेराबाइटमागे एखादी न वाचता येणारी जागा निघू शकते, असे कागदावर लिहून देतात. प्रत्यक्षात डिस्क बहुधा याहून बऱ्या निघतात. आमच्या निघाल्या नाहीत.

एका साप्ताहिकाची चौदा पाने गेली. मूळ कागदाचा तोवर भुगा झाला होता. बॅकअप होता, तो कधी उतरवून पाहिला नव्हता, आणि त्यात नेमका तो फोल्डर नव्हता.

शेतकरी नवा खोंड जुन्या बैलाशेजारी जुंपतो. जुन्याला आधी विकत नाही. इथेही आधी बॅकअप दुसरीकडे उतरवून पाहावा. मग दोन्ही जुने सर्व्हर शाबूत असतानाच त्यांच्या सगळ्या डिस्क एकदा पूर्ण वाचून घ्याव्यात, म्हणजे दडलेल्या खराब जागा दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त होतात. नवा सर्व्हर तिसरा म्हणून आत घ्यावा. याचा आणखी एक फायदा असा, की दोघांमधली केबल तुटली तर दोघेही स्वतःला मालक समजून वेगवेगळे लिहू लागण्याचा धोका असतो. तिघांत बहुमत ठरते. प्रत पूर्ण झाल्यावर चेकसम जुळवावेत आणि भर दिवसा, माणसे हजर असताना, काम मुद्दाम नव्याकडे वळवावे. काही आठवडे नीट गेल्यावरच एक जुना काढावा, आणि काढला तरी लगेच पुसू नये.

दुसरा नवा सर्व्हर आम्ही सात महिन्यांनी, वेगळ्या कंपनीच्या डिस्क घालून घेतला. दोन्ही एकदम घेतले असते तर सवलत मिळाली असती ना, असे हिशेबनीसांनी विचारले. मिळाली असती.