डावाने आणि ४०९ धावांनी

इटलीतल्या नापोली क्लबने २०२३ साली तेहतीस वर्षांनी लीग जिंकली आणि नेपल्समध्ये दिवाळी साजरी झाली. पुढच्याच मोसमात एकामागून एक तीन प्रशिक्षक बदलूनही गतविजेता संघ दहाव्या क्रमांकावर घसरला. २०२५ मध्ये तोच संघ पुन्हा विजेता. त्याच वर्षी सात वेळा युरोपचा करंडक उचललेला एसी मिलान आपल्या लीगमध्ये आठवा आला. इटलीतले फुटबॉलवेडे अशा मोसमावर महिनोन्महिने वाद घालतात, पण एक शंका त्यांच्या मनाला शिवतही नाही. पुढच्या वर्षी आपला संघ असेल की नाही, ही. माळव्यात एका संघावर हा प्रश्नही ओढवला. तो संघ इंदूरच्या होळकरांचा, आणि खेळ क्रिकेट.

या संघाला ‘आपला’ म्हणणारे फक्त इंदुरातच नव्हते. कन्नौदचेच घ्या. ते आज देवास जिल्ह्यात असले तरी संस्थानी काळात देवासच्या पवारांकडे नव्हते. इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव नेमावर-खातेगावच्या पट्ट्याबरोबर होळकरांच्या मुलखात होते. म्हणजे कन्नौदकरांचा ‘आपला’ संघ इंदूरचा. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती ही दोन्ही संस्थाने शेजारी, पण राज्य वेगळे. हा भेद लक्षात ठेवायला हवा, कारण होळकरांच्या सर्वांत काळ्या मोसमावर ज्याची सही आहे, तो फलंदाज देवासच्या आश्रयाने वाढला होता.

होळकर संघ रणजी करंडकात १९४१-४२ पासून उतरला. त्याची उभारणी मात्र १९२३ पासूनची. त्या वर्षी होळकर दरबाराने नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला बोलावले आणि आपल्या फौजेत कॅप्टन केले. खेळाडूला पगार फौजेचा किंवा दरबाराचा, आणि काम मुख्यतः मैदानावर, अशी ती व्यवस्था होती. मुश्ताक अली मूळचे इंदूरचेच. बाकी माणसे चहूकडून जमली : सागरचे चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, पुढे पुण्यात प्रशिक्षक म्हणून नावाजलेले कमल भांडारकर, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडूही बडोदे सोडून इकडे आले. नावे वाचली तरी कळते की या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये मराठीला तोटा नव्हता.

१९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचले आणि चार वेळा जिंकले. पहिल्याच अंतिम सामन्यात मुंबईने ८६७ धावांचे लक्ष्य दिले. महायुद्धामुळे हिंदुस्थानात आलेल्या डेनिस कॉम्प्टनने होळकरांकडून नाबाद २४९ धावा केल्या, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, तरी संघ ३७४ धावांनी हरला. त्या सामन्यात सी. एस. नायडूंनी ९१७ चेंडू टाकले. एका माणसाने, एका सामन्यात! आज कुणी एवढे चेंडू टाकले तर संघाचा फिजिओच राजीनामा देईल.

पुढच्या मोसमात याची भरपाई झाली. म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंह १००. एका डावात सहा शतके. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध पन्नाशी गाठलेल्या सी. केंनी द्विशतक काढले आणि करंडक पहिल्यांदा इंदूरला आला.

आणि मग मार्च १९४७. तेच दोन संघ अंतिम सामन्यात, या खेपेस बडोद्यात. नऊशेबारा करणारा संघ २०२ धावांत गुंडाळला गेला. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले तेव्हा होळकरांना आशा वाटली असणार. त्यानंतर गुल महंमद आणि विजय हजारे यांची जोडी जमली आणि चौथा गडी बाद झाला तेव्हा फलकावर ६६८ धावा होत्या. भागीदारी ५७७ धावांची : गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम जयवर्धने आणि संगकारा यांनी २००६ मध्ये कोलंबोत मोडेपर्यंत टिकला. चौथ्या गड्यासाठी तो आजही उभा आहे. बडोदे ७८४, होळकर दुसऱ्या डावात १७३. डावाने आणि ४०९ धावांनी हार.

मूळचे सांगलीचे हजारे बडोद्याला जाण्याआधी देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांच्या पदरी होते आणि सेंट्रल इंडियाकडून खेळत. ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शन त्यांना त्या काळात मिळाले. म्हणजे होळकरांच्या वेशीबाहेर तीसेक किलोमीटरवर हा माणूस तयार होत होता. गुणी खेळाडूंना शोधून आणणाऱ्या इंदूरच्या दरबाराने त्याला का उचलले नाही, हे कोडे मला सुटलेले नाही. विक्रमसिंहराव स्वतः १९४७ मध्येच कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून कसोटी खेळले. त्या मार्चमधल्या मैदानावर ज्याच्या त्याच्या पायाखालची जमीन हलू लागली होती.

या पराभवाने संघ मोडला का? अजिबात नाही. पुढच्याच मोसमात होळकरांनी मुंबईला नऊ गडी राखून हरवले. १९४८-४९ हा एकच मोसम अंतिम फेरीविना गेला, आणि त्याच मोसमात भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या, पण महाराष्ट्राकडून. नंतर १९५०-५१ मध्ये गुजरातवर आणि १९५२-५३ मध्ये बंगालवर विजय. मधल्या १९५१-५२ मध्ये मुंबईने ५३१ धावांनी लोळवले. त्या सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून छप्पन वर्षांच्या सी. केंचे दात पडले, ते बाजूला सारून ते पुन्हा खेळायला उभे राहिले, असे सांगतात.

दरम्यान २८ मे १९४८ रोजी होळकर राज्य मध्य भारतात विलीन झाले होते. ज्या फौजेच्या पगारपत्रकावर संघ चालत होता, ती फौजच राहिली नाही. महाराज यशवंतराव होळकरांच्या आश्रयावर आणि जुन्या निष्ठेवर नाव आणखी सहा-सात वर्षे ओढले गेले. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदुरात झाला आणि मद्रासने तो ४६ धावांनी जिंकला. ४०९ च्या मानाने ४६ म्हणजे हातातोंडाशी आलेला घास, आणि तरी ती हार अखेरची ठरली. पुढच्या मोसमात यादीत ‘मध्य भारत’ होते, १९५७-५८ पासून ‘मध्य प्रदेश’. सी. के. उत्तर प्रदेशाकडून खेळले, वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत.

नापोली ज्या शहराची आहे ते शहर जागेवर आहे, म्हणून दहावा क्रमांक पुसता आला. होळकर संघ जनतेने उभारलेला नव्हता, तिने फक्त त्याच्यावर जीव लावला होता. नवे राज्य आले तेव्हा त्या जिवाचा हिशेब कोणत्याच दप्तरात नव्हता.

मध्य प्रदेशाला पुढचा अंतिम सामना १९९८-९९ मध्ये मिळाला. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाने त्यांना हरवले, आणि हरलेल्या संघाचे कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. २०२२ च्या जूनमध्ये त्याच मैदानावर पंडित प्रशिक्षक म्हणून बसले होते. मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि पंडित रडले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी छापले : मध्य प्रदेशाचे पहिले रणजी विजेतेपद. इंदूरच्या मैदानाला मात्र २०१० पासून होळकर स्टेडियम म्हणतात.