एन्ट्रॉपी आणि आपण

"सारे विश्व विस्कळीतपणाकडे चालले असेल, तर एकपेशीय जीवांपासून माणूस घडलाच कसा?" वसतिगृहातील मित्राच्या या प्रश्नाने मी, कला शाखेचा विद्यार्थी, निरुत्तर झालो. उत्तर ग्रंथालयात गवसले.

'एन्ट्रॉपी' हा शब्द क्लॉसियसने १८६५ साली दिला. स्थूलमानाने ते विस्कळीतपणाचे माप. ते कमी होत नाही, हा नियम बाहेरून काहीच येत-जात नसलेल्या व्यवस्थेचा. पृथ्वी तशी नाही. सूर्याच्या एका प्रकाशकणामागे ती सुमारे २० अवरक्त कण अवकाशात परत पाठवते. ऊर्जा जवळपास तेवढीच, पण विखुरलेली. या मोबदल्यातच पेशी, पान, मेंदू यांची रचना शक्य होते. कोणती टिकेल, हे बरेचसे नैसर्गिक निवड ठरवते.

अन्नातून आपण सुव्यवस्थाच घेतो, असे श्रोडिंजर यांनी १९४३ साली डब्लिनच्या व्याख्यानांत मांडले. खानावळीत मित्राला हे सांगितले, तर तो वाढप्याकडे वळून म्हणाला, "अजून एक पोळी सुव्यवस्था!"