संशोधन की तीन पेपर?

गेल्या वर्षी माझ्या भाचीसमोर हा प्रश्न होता. ती इथेच इंदूरला बीएस्सी करते, विषय रसायनशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आता चार वर्षांचीही घेता येते. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प सक्तीचा असतो. नुसतं ऑनर्स घेतलं, तर प्रकल्पाऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे तीन विषय.

"मामा, तीन पेपर सोपे. पाठ करायचे नि लिहायचे. प्रकल्प फसला तर वर्ष वाया जाईल," ती म्हणाली.

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी घरात आजवर कोणाला सांगितली नव्हती. बी.ई.च्या शेवटच्या वर्षी आम्हा चौघांचा प्रोजेक्ट विकतचा होता. कॉलेजजवळच्या एका दुकानात तयार प्रोजेक्ट मिळायचे. सीडी, रिपोर्ट, वर सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. आम्ही हजेरीचं सॉफ्टवेअर घेतलं, फक्त नावं बदलली. मार्क उत्तम पडले.

पहिल्याच मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "दोन शिक्षकांनी एकाच वेळी एकाच मुलाची हजेरी बदलली, तर तुमचं सॉफ्टवेअर काय करतं?" मला उत्तर आलं नाही. त्यांनी रिपोर्ट मिटून शांतपणे माझ्याकडे सरकवला. नोकरी पुढे मिळाली, पण ते मिटलेलं बाइंडिंग अजून डोळ्यांसमोर आहे. आई-बाबांना वाटत होतं, पोरगा रात्र रात्र जागून प्रोजेक्ट करतोय.

भाचीने संशोधन घेतलं. विषय घरचाच, कॉलनीतल्या बोअरच्या पाण्याचा जडपणा. ईडीटीएने टायट्रेशन करायचं. लाल रंगाचा निळा झाला की ब्युरेटवरचा आकडा टिपायचा. पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालतो, असं भारतीय मानक सांगतं.

दुसऱ्याच आठवड्यात ती रडवेली होऊन आली. एकाच बोअरचे आकडे एका दिवशी ४८०, तर दुसऱ्या दिवशी ३१०. तिने दोन्हींची सरासरी काढून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. तिच्या मॅडमनी अडवलं. म्हणाल्या, "आकडा खोडू नकोस. तो असा का आला, ते शोध."

तिने तारखा मांडल्या. मोठे आणि छोटे आकडे आलटून पालटून येत होते. मग उलगडा झाला. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. त्या इमारतीत बोअर आणि नर्मदा एकाच टाकीत पडतात आणि ही नमुना घेत होती टाकीच्या नळाचा! पुढे तिने थेट बोअरच्या पाइपवरून, दर वेळी तीन नमुने घेतले. आकडे स्थिर झाले.

तिने जगाला नवीन काही दिलं नाही. पण आपली चूक आपण पकडली, आणि ती लपवली नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर हेच करतो. बिघाड कुठे आहे हे अंदाजाने सांगायचं नाही, एकेक शक्यता तपासून बाद करायची. हे मी नोकरीत, दुसऱ्यांच्या पैशाने शिकलो. ती एकविसाव्या वर्षी शिकली. पुण्याच्या आयसरमध्ये बीएस-एमएसच्या पाचव्या वर्षी सर्वांनाच प्रकल्प करावा लागतो, तो का, हे मला आता कळतं.

प्रकल्प फसू शकतो, ही भीती खरी आहे. म्हणून विषय लहान घ्या, आपल्या आवाक्यातला. वेळ देणारे मार्गदर्शक शोधा. पहिल्या दिवसापासून वही ठेवा, आणि तीत चुकलेले आकडेही लिहा.

आता मीही मुलाखती घेतो. उमेदवाराच्या प्रोजेक्टबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात काय चुकलं होतं?" ज्याने स्वतः केलंय, तो हसतो आणि सांगत सुटतो. ज्याने विकत घेतलाय, तो म्हणतो, "काहीच नाही, सर." त्या वेळी मला माझाच चेहरा दिसतो.