थंडीतली सहल आणि उन्हाची काळजी

नाताळच्या सुट्टीत भोसरी-चाकणकडची बरीच कुटुंबे गोव्याला निघतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे फेस्त झाले की तिकडे नाताळची लगबग सुरू होते. निघण्यापूर्वी जुलाबाच्या गोळ्या मागायला लोक माझ्याकडे येतात; उन्हाविषयी मात्र कोणी विचारत नाही.

आपल्याकडे पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो. गोव्यात दुपारी ३२च्या आसपास असतो. शरीराला असा बदल एका दिवसात पेलत नाही. हिवाळा म्हणून पाणी कमी प्यायले जाते, घाम मात्र येतच राहतो. मद्याने लघवी वाढून शरीरातले पाणी आणखी घटते. मग डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते.

तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडेथोडे घ्यावे. इन्सुलिन बंद मोटारीत ठेवू नये. उष्णतेने ते निकामी होते. मद्य घेऊन समुद्रात मुळीच उतरू नये. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या भागातच पोहावे.